तीन जिवांची

मराठीत गरोदर बाईला 'दोन जिवांची' म्हणतात. आमच्या घरातल्या उर्दूत 'पाँव भारी' म्हणतात. दोन्ही भाषांनी धरून चालले आहे की पोटात एकच जीव असणार. २०२२ च्या जानेवारीत सोनोग्राफीच्या खोलीत डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर बोट ठेवून सांगितले, "हे एक डोके, आणि हे दुसरे." तेव्हा आमच्याजवळ त्या अवस्थेला शब्दच नव्हता. पत्नी हसली आणि म्हणाली, "म्हणजे मी तीन जिवांची."

घरी आलो. अम्मींनी आधी दुआ केली, मग डोक्याला हात लावला. अब्बा गप्प राहिले. शेजारच्या काकूंनी विचारले, "जुळी केळी खाल्ली होतीत का?" जुळ्या केळ्याचा हा समज मोहल्ल्यात आणि वाड्यात सारखाच आहे. त्याला धर्म नाही. सगळ्यांचे बोलून झाल्यावर खाटेवर बसलेल्या आमच्या दादी, तेव्हा वय चौऱ्याऐंशी, हळूच म्हणाल्या, "मेरे को भी दो थे."

घरात शांतता झाली. अब्बांना एक जुळी बहीण होती, ही गोष्ट आम्हाला तेहेतिसाव्या वर्षी कळली. अब्बांना माहीत होती, पण पासष्ट वर्षांत त्यांनी ती एकदाही उच्चारली नव्हती.

आम्ही सोलापुरात उर्दू माध्यमाच्या शाळेत इतिहास शिकवतो. बी.एड.ला असताना आमच्या सरांनी घोकून घेतले होते की इतिहास साधनांवर उभा राहतो. नाणी, शिलालेख, फर्माने, बखरी. दादींच्या त्या मुलीचे एकही साधन नाही. जन्माची नोंद नाही, मृत्यूची नाही, कबरीवर दगड नाही. नावही ठेवले गेले नव्हते. त्या संध्याकाळी आम्हाला वाटले की लढाया आणि तहांच्या तारखा आपण मुलांकडून पाठ करून घेतो, पण आपल्याच घरातल्या बायकांनी ते नऊ महिने कसे काढले हे आपल्याला ठाऊक नाही. पुढचे काही महिने शाळा, दवाखाना आणि घर सांभाळून जे वाचले, विचारले आणि पाहिले, ते इथे मांडतो आहोत.

सुरुवात शाळेच्या पुस्तकापासूनच करू. अकबर बादशहाला मूल जगत नव्हते, म्हणून तो सीक्रीला शेख सलीम चिश्ती यांच्याकडे दुआ मागायला गेला आणि १५६९ साली शहजादा सलीम, म्हणजे पुढचा जहांगीर, जन्मला. ही कथा चौथीतल्या मुलालाही येते. त्या आधीचे एक पान मात्र आपण उलटत नाही. १५६४ साली अकबराला जुळे मुलगे झाले होते. त्यांची नावे हसन आणि हुसैन ठेवली होती. दोघेही फार दिवस जगले नाहीत. फतेहपूर सीक्रीचे ते भव्य शहर ज्या तळमळीतून उभे राहिले, तिच्या मुळाशी या दोन कोवळ्या जिवांचेही दुःख होते. सलीमच्या वेळी अकबराने काय केले ते पाहण्यासारखे आहे. गरोदर राणीला त्याने आग्र्याच्या महालात न ठेवता सीक्रीला, शेख साहेबांच्या सहवासात ठेवले. त्याची श्रद्धा दुआवर होती, हे खरेच. पण महालाच्या गजबजाटापासून दूर, शांत जागी त्या बाईला राहता आले, हेही तितकेच खरे.

नावांबद्दल थोडे सांगू. आपल्याकडे जुळे मुलगे झाले की हसन-हुसैन ठेवण्याची रीत आजही आहे. त्यामुळे अनेकांना वाटते की हजरत हसन आणि हजरत हुसैन (रजि.) हे जुळे होते. ते जुळे नव्हते. हजरत हसन यांचा जन्म हिजरी ३ चा आणि हजरत हुसैन यांचा हिजरी ४ चा मानला जातो. वर्गात हे सांगितले की मुले दरवर्षी चकित होतात.

दुसरे उदाहरण आपल्या अधिक जवळचे आहे. बुऱ्हाणपूर ही खानदेशची जुनी राजधानी. तिथे १७ जून १६३१ रोजी मुमताज महल चौदाव्या बाळंतपणात वारल्या. मूल एकच होते आणि ती मुलगी, गौहरआरा, जगली. त्यांच्या सेवेला दरबारी हकीम होते, दासी होत्या, खजिना होता. तरीही त्या बादशहाबरोबर दख्खनच्या मोहिमेवर, मुक्कामाच्या गावी बाळंत झाल्या. ताजमहालाला आपण प्रेमाचे प्रतीक म्हणतो, आणि म्हणावेही. पण चौदावे बाळंतपण आणि मोहिमेचा प्रवास हा प्रश्न त्या संगमरवराखाली झाकला जातो, हे इतिहासाच्या शिक्षकाने तरी सांगायला हवे.

हे झाले महालांचे. साध्या घरांचे काय? त्याचे एक चांगले साधन आपल्याला सुदैवाने मिळते. जाफर शरीफ नावाच्या दक्षिणेतल्या एका मुसलमान गृहस्थाने आपल्या लोकांच्या चालीरीती लिहून काढल्या. मद्रासकडच्या हर्क्लॉट्स नावाच्या डॉक्टरने त्यांचे इंग्रजी भाषांतर केले आणि 'कानून-ए-इस्लाम' हे पुस्तक १८३२ साली लंडनला छापले गेले. पुस्तक सुरू होते ते नमाजाने नव्हे, राजा-महाराजाने नव्हे, तर गरोदर बाईच्या सातव्या महिन्याने, म्हणजे 'सतवाशा'च्या समारंभाने. मग बाळंतपण, सहाव्या दिवसाची छट्टी, चाळीस दिवसांचा चिल्ला, अकीका असे क्रमाने येते. दख्खनी मुसलमानाच्या आयुष्याचे पुस्तक त्याने आईच्या पोटापासून उघडले, याचे आम्हाला फार अप्रूप वाटते.

सतवाशात बाईला नवे कपडे, फुले, गोडधोड. मराठी घरातल्या डोहाळजेवणाशी हे इतके जुळते की दोन्हींचे मूळ एकाच मातीत असावे असे वाटते. मौलाना अशरफ अली थानवी यांनी 'बहिश्ती जेवर'मध्ये बाळंतपणाभोवतीच्या अशा कित्येक रिवाजांवर कडक टीका केली. खर्च, दिखावा आणि जबरदस्तीचे देणेघेणे यांमुळे माणसे कर्जात बुडतात, हे त्यांचे म्हणणे खोटे नाही. त्याच ग्रंथाच्या वैद्यकीय भागात गरोदर बाईची काळजी कशी घ्यावी हेही सांगितले आहे. आपण मात्र टीका उचलली आणि काळजी पुस्तकातच ठेवली. आमच्या मोहल्ल्यातल्या वृद्ध बायकांशी बोलल्यावर एक गोष्ट ध्यानात आली. सतवाशाच्या निमित्ताने सून माहेरी जाई. माहेरी तिला पहाटे कुणी उठवत नसे. फुले आणि मिठाई हे वरचे. आत जे होते ते एवढेच, की दोन-तीन महिने तिच्या हातातली घागर कुणीतरी घेत होते. रिवाज बिदअत आहे की नाही हे उलेमा सांगतील. पण रिवाज मोडताना ती विश्रांतीही मोडली, तर नुकसान कुणाचे झाले, हे आपण विचारायला हवे.

आता जुळ्यांकडे येऊ. पोटात दोन आहेत हे पूर्वी कळत कसे होते? बहुतेक वेळा कळतच नव्हते. या अज्ञानाचा एक मोठा पुरावा फिकहच्या ग्रंथांत आहे. माणूस वारला आणि त्याची पत्नी गरोदर असेल तर वारसा वाटताना पोटातल्या मुलाचा हिस्सा राखून ठेवावा लागतो. मग प्रश्न येतो, किती मुलांचा? 'सिराजिय्या' हा हनफी वारसा कायद्याचा प्रमाण ग्रंथ. सर विल्यम जोन्स यांनी १७९२ साली कलकत्त्याला त्याचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले. त्यात या प्रश्नावर वेगवेगळी मते नोंदली आहेत. इमाम अबू हनीफा यांच्या नावे चार मुलांइतका हिस्सा राखावा असे मत आहे. इमाम अबू यूसुफ यांच्या नावे एकाचा हिस्सा राखावा असे मत आहे, आणि फतवा त्यावरच दिला गेला. मात्र जास्त मुले जन्मली तर घेतलेले परत करण्याबद्दल वारसांकडून जामीन घ्यावा, अशी सोयही ठेवली आहे. आम्ही हे वाचले आणि थबकलो. जे अजून दिसत नाही, ज्याची संख्या माहीत नाही, त्याच्या हक्काची काळजी हजार-बाराशे वर्षांपूर्वीच्या फकिहांनी केली. मालमत्तेत त्याच्यासाठी जागा राखली. घरातल्या रोजच्या कामात, जेवणात, झोपेत अशी जागा आपण राखतो का?

दाईला अंदाज येई तो हाताने. पोट दिवसांच्या मानाने मोठे, हालचाल दोन्ही बाजूंना, चाचपताना दोन डोक्यांचा भास. चांगली दाई एवढ्यावरून ओळखत असे. पण दाईला बहुधा कळा सुरू झाल्यावरच बोलावले जाई, आणि पडद्यातल्या घरात पुरुष डॉक्टर येणे शक्य नव्हते. ही अडचण ओळखून १८८५ साली लेडी डफरीन यांनी स्त्रियांना स्त्री-डॉक्टरांकडून उपचार मिळावेत म्हणून निधी उभारला. सोलापूरचा डफरीन चौक ते नाव आजही वागवतो. रोज तिथून जाणाऱ्या किती जणांना ते नाव बाळंतिणींशी जोडलेले आहे हे ठाऊक असेल? मुंबईत १८८६ साली कामा हॉस्पिटल उघडले, स्त्रियांसाठी आणि स्त्री-डॉक्टरांच्या हाती. त्याच वर्षी आनंदीबाई जोशी अमेरिकेत डॉक्टर झाल्या आणि त्यांच्या प्रबंधाचा विषय प्रसूतिशास्त्रच होता. मुसलमानांतही कुणी जागे नव्हते असे नाही. भोपाळच्या सुलतान जहाँ बेगम, राज्यकाळ १९०१ ते १९२६, यांनी दाईंच्या शिक्षणाला पाठबळ दिले आणि बायकांचे आरोग्य, बालसंगोपन यांवर उर्दूत स्वतः पुस्तके लिहिली. पडदा पाळणाऱ्या एका राज्यकर्त्या स्त्रीने हे केले, ही गोष्ट आपल्या मुलींना शाळेत सांगायला हवी.

तिकडे युरोपात १८९५ हे एकच साल पाहा. पिनार नावाच्या फ्रेंच डॉक्टरचे पोटाला लावून बाळाचे ठोके ऐकण्याचे लाकडी नळकांडे त्या सालचे. राँटगेनने क्ष-किरण शोधले ते त्याच सालच्या नोव्हेंबरात. आणि हेलिन नावाच्या शास्त्रज्ञाने सुमारे ८९ बाळंतपणांत एक जुळ्यांचे असते हा हिशेब मांडला तोही त्याच साली. पुढे कळले की हा हिशेब सगळीकडे सारखा लागू नाही. एकाच बीजातून होणारी एकसारखी जुळी जगभर जवळपास सारख्याच प्रमाणात, दर हजारी तीन-चार, जन्मतात. दोन बीजांतून होणाऱ्या जुळ्यांचे प्रमाण मात्र वंश, आईचे वय आणि घराण्याप्रमाणे बदलते. नायजेरियातल्या योरुबा लोकांत ते फार मोठे आहे. केळ्याचा यात कुठेही संबंध नाही, हे शेजारच्या काकूंना आम्ही सांगितले. त्यांनी मान डोलावली आणि विश्वास ठेवला नाही.

एवढे शोध लागले, तरी सोलापुरातल्या एका खोलीत १९५७ च्या पावसाळ्यात त्यातले काहीच पोहोचले नव्हते. दादींनी ते दिवस आम्हाला तुकड्या-तुकड्याने सांगितले. आजोबा गिरणीत पाळीने कामाला जात. दादी घरी विड्या वळत. सूप मांडीवर, त्यात तंबाखू, शेजारी भिजवलेली पाने. पान कापायचे, तंबाखू भरायची, वळायचे, दोरा बांधायचा, तोंड मुडपायचे. हजाराच्या हिशेबाने पैसे मिळत. पोट इतके वाढले होते की सातव्या महिन्यात सूप मांडीवर बसेना. मग त्यांनी ते पाटावर ठेवले आणि वाकून वळायला लागल्या. काम थांबले नाही, फक्त सूप सरकले. दादींचे माहेर गरीब आणि दूरचे, त्यामुळे सतवाशाला जाणे झाले नाही. सासूबाई वाईट नव्हत्या. पण त्यांनी स्वतःही असेच काढले होते, त्यामुळे यात काही वेगळे आहे असे त्यांना वाटलेच नाही.

गंमत अशी की कायदा काही आलाच नव्हता असेही नाही. १९२८ साली मुंबईच्या विधिमंडळात प्रसूती-लाभाच्या विधेयकावर चर्चा झाली. बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे देशाच्या हिताचे आहे, असे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तिथे ठासून मांडले. १९२९ साली मुंबई प्रांतात तो कायदा झाला. हिंदुस्थानातला तो तसला पहिला प्रांतिक कायदा. पण तो कारखान्यात जाणाऱ्या बाईसाठी होता. ज्या बाईचा कारखाना तिच्या स्वतःच्या घरात, तिच्या मांडीवर होता, तिच्यापर्यंत तो पोहोचला नाही. आणि चूल, धुणे, पाणी यांना तर कुणी कामच म्हणत नव्हते.

कळा आल्या तेव्हा दाईला बोलावले. अब्बा जन्मले, रडले, नाळ कापली, आजोबांना निरोप गेला. सगळे मुलाच्या आनंदात होते. दाईने पोटावर हात ठेवला आणि म्हणाली, "ठहरो, अभी और एक है." दुसऱ्या बाळासाठी कपडा नव्हता. दादींच्या जुन्या ओढणीचा तुकडा फाडला. ती मुलगी होती, अगदी लहान, आवाज मांजरीच्या पिल्लासारखा. पाचव्या दिवशी ती गेली, छट्टीच्या एक दिवस आधी. छट्टी मात्र ठरल्याप्रमाणे झाली, कारण मुलगा जिवंत होता.

आम्ही विचारले, "दादी, तुम्हाला आधी काहीच कळले नव्हते?"

त्या म्हणाल्या, "मेरे को मालूम था. दोनो बाजू से लात मारते थे. पूछा किसने?"

हे ऐकल्यावर आमची इतिहासाची समजूत थोडी बदलली. आम्ही इतके दिवस समजत होतो की पूर्वी यंत्र नव्हते म्हणून कळत नव्हते. यंत्र नव्हते हे खरे. पण ज्या बाईला कळत होते तिला कुणी विचारले नाही, हेही खरे. आणि तिने सांगितले असते तरी सूप मांडीवरून पाटावर सरकण्यापलीकडे काय झाले असते?

यंत्र आले. ग्लासगोच्या डॉ. इयान डोनाल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५८ साली, म्हणजे आमच्या त्या अनामिक फुप्पीच्या मृत्यूनंतर एकाच वर्षाने, ध्वनिलहरींनी पोटातले पाहण्याची पद्धत जगापुढे मांडली. ती आपल्या गावांत पोहोचायला काही दशके गेली. आणि पोहोचली तेव्हा लोकांनी तिला पहिला प्रश्न 'किती?' असा विचारला नाही, 'काय आहे?' असा विचारला. मुलगी असल्यास नको, म्हणून. त्याविरुद्ध १९८८ साली देशात पहिला कायदा महाराष्ट्राने केला, १९९४ साली केंद्राचा कायदा आला आणि २००३ साली तो आणखी कडक झाला. इस्लामच्या आधीच्या अरबस्तानात मुली जिवंत पुरल्या जात आणि कुरआनने त्याचा धिक्कार केला, हे आपण प्रत्येक जलशात सांगतो. तरी आमच्याच नात्यातल्या एका गृहस्थांनी आम्हाला बाजूला घेऊन विचारले, "दोन आहेत म्हणता, मग निदान एक तरी मुलगा आहे का, हे काढून घेतले का?" आम्ही दवाखान्यातल्या पाटीकडे बोट दाखवावे तसे हात जोडले आणि विषय संपवला.

आमच्या डॉक्टरीणबाईंना हवी असलेली माहिती निराळी होती. दोन्ही बाळे एकाच वारेवर आहेत की दोन वेगवेगळ्या वारांवर, हे त्यांनी आधी पाहिले. एकाच वारेवरची असतील तर एकाकडे रक्त जास्त आणि दुसऱ्याकडे कमी जाण्याचा धोका असतो, म्हणून तपासण्या जवळजवळ कराव्या लागतात. आमची दोन वारांवरची होती. मग त्यांनी घराची चौकशी केली. जिने किती? पाणी कुठून भरता? घरात माणसे किती? जुळ्यांची आई लवकर थकते, रक्त कमी होते, रक्तदाब चढण्याची भीती अधिक, आणि निम्म्याहून जास्त जुळी ३७ आठवड्यांच्या आत जन्मतात, म्हणून प्रत्येक आठवडा मोलाचा, असे त्यांनी समजावले. लोहाच्या गोळ्या, कॅल्शियमच्या गोळ्या, पण दोन्ही एका वेळी नाहीत. थोडे थोडे पण पुन्हा पुन्हा खाणे. डाव्या कुशीवर झोपणे. आम्ही सगळे वहीत उतरवले. शिक्षक माणूस, वही नीट ठेवली. अम्मी अंडी उकडून देत, खजूर भिजवून ठेवत, भाकरीबरोबर शेंगाचटणी आणि पालक. आम्हाला वाटले, आपण फार चांगले करतो आहोत.

मग रमजान आला. एप्रिलचा महिना, सोलापूरचे ऊन आणि पत्नीला सातवा महिना. गरोदर आणि दूध पाजणाऱ्या बाईला रोज्याची सवलत आहे, नंतर कजा करता येते. घरात यावर वाद झाला नाही. अब्बांनी स्वतः सांगितले की बेटी, तू रोजा धरायचा नाहीस. आम्हाला अभिमान वाटला.

सातव्या-आठव्या दिवशी पहाटे आम्ही सहरीला बसलो होतो. अम्मींचे गुडघे धरले होते, म्हणून पत्नी उभी राहून गरम भाकऱ्या वाढत होती. तिने अडीच वाजल्यापासून चूल सांभाळली होती. त्या आधी बारा वाजता नळाला पाणी आले म्हणून ती पाणी भरायला उठली होती, कारण आमच्याकडे पाणी काही दिवसांआड येते आणि त्याची वेळ नळ ठरवतो. तिचे पाय सुजून पैंजण काढून ठेवावे लागले होते. दादी खाटेवरून तिच्या पायांकडे बघत होत्या. त्या आम्हाला म्हणाल्या, "रोजा माफ किए. चूल्हा माफ किए क्या?"

घास तोंडात फिरू लागला. वहीत लोहाच्या गोळ्यांच्या वेळा होत्या, आठवडे होते, वजने होती. कोण भाकरी भाजणार आणि कोण पाणी भरणार, हे त्या वहीत नव्हते. आम्ही मुमताज महलची मोहीम वाचत होतो आणि आमच्याच स्वयंपाकघरात मोहीम चालू होती. दादींच्या वेळी कुणाला माहीत नव्हते अशी आम्ही समजूत करून घेतली होती. आम्हाला तर जानेवारीपासून माहीत होते. छायाचित्रासह माहीत होते.

त्या दिवसापासून घराचा क्रम बदलला. मोठे काही केले नाही. रात्रीचे पाणी आम्ही भरायला लागलो. अब्बांनी सहरीचा चहा आणि कालचे गरम करण्याचे काम घेतले. पासष्टाव्या वर्षी ते पहिल्यांदा गॅस पेटवायला शिकले. ताजी भाकरी बंद झाली, संध्याकाळची चालेल असे ठरले. इफ्तारीचे तळण आठवड्यातून एकदा. दुपारी दोन तास तिच्या खोलीचे दार लावलेले असेल आणि कुणी हाक मारायची नाही. पाहुण्यांपैकी काहींना हे खटकले. 'मास्तर बायकोच्या ताब्यात गेले' असे मशिदीच्या पायरीवर बोलले गेले. ते आमच्या कानावर आले आणि आम्ही ते कानावरच ठेवले.

जूनमध्ये शाळा उघडण्याच्या सुमारास, छत्तिसावा आठवडा भरल्यावर, दोन मुली झाल्या. एक दोन किलो तीनशे ग्रॅम, दुसरी दोन किलोला थोडी कमी. धाकटीला काही दिवस काचेच्या पेटीत ठेवावे लागले. ते दिवस कसे गेले ते लिहिण्याची गरज नाही, ज्यांच्यावर आले आहेत त्यांना ठाऊक आहे. अल्लाहचा शुक्र, दोघी घरी आल्या. चाळीस दिवसांचा चिल्ला आम्ही काटेकोर पाळला. खोली बंद आणि अंधारी ठेवणे सोडून दिले, खिडकी उघडली. आईने काम न करणे तेवढे कडक पाळले. अकीक्याच्या वेळी एकजण थट्टेने म्हणाला, "एका मुलाला दोन बोकड लागतात, तुमचे दोन बोकडांत दोघींचे भागले. स्वस्तात सुटलात." आम्ही हसलो नाही.

नोकरीच्या कागदांतही जुळ्यांना जागा आहे, हे आम्हाला याच सुमारास समजले. २००५ च्या महाराष्ट्र नागरी सेवा (लहान कुटुंबाचे प्रतिज्ञापन) नियमांत दोनहून अधिक मुलांची अट आहे. पण एक मूल असताना पुढच्या एकाच बाळंतपणात कितीही मुले झाली तरी ती एकच धरावीत, असे त्यात स्पष्टीकरण आहे. कायद्याने दोघांना एक मानले ते आईबापाच्या सोयीसाठी, आणि ते योग्यच आहे. पण महानगरपालिकेत जन्माची नोंद करताना आम्ही मुद्दाम दोन दाखले डोळ्यांसमोर धरून पाहिले. वेळ वेगळी, क्रमांक वेगळा, दोन स्वतंत्र कागद. १९५७ साली आमच्या घरातल्या एका मुलीला जे मिळाले नव्हते ते.

महाराष्ट्रात २०१८ ते २०२० या काळात एक लाख जिवंत जन्मांमागे ३३ मातामृत्यू नोंदले गेले, देशात ९७. मागच्या पिढ्यांच्या मानाने ही मोठीच मजल आहे. ती दवाखान्यांनी, आशाताईंनी, रुग्णवाहिकांनी मारली. पण दवाखाना बाईला महिन्यातून तासभर पाहतो. बाकीचा महिना ती घरात असते. तिथली मजल घरानेच मारायची आहे, आणि त्यासाठी यंत्र लागत नाही. आपल्या समाजात आईच्या पायाखाली जन्नत आहे हे आपण फार प्रेमाने सांगतो. ते पाय सुजलेले आहेत का, हे एकदा वाकून पाहावे, एवढीच या लेखाची विनंती आहे.

आता वर्गात आम्ही मुघल काळ शिकवतो तेव्हा १५६४ सालच्या त्या जुळ्या शहजाद्यांचा उल्लेख करतो, आणि गृहपाठ म्हणून मुलांना सांगतो की घरी दादीला, नानीला विचारून या, तुमच्या वेळी कसे होते. पहिल्या वर्षी बऱ्याच मुलांनी कोऱ्या वह्या आणल्या. विचारायला लाज वाटली म्हणाले. दुसऱ्या वर्षी काही वह्या भरून आल्या. एका मुलीने लिहिले होते की तिच्या नानीने एवढे कधीच कुणाला सांगितले नव्हते, कारण कुणी विचारले नव्हते.

मुली पेटीतून आणि दवाखान्यातून घरी आल्या त्या दिवशीचे एक सांगून थांबतो. सगळे गोळा झाले होते. कोण थोरली, कोण कुणासारखी दिसते, असे चालले होते. दादींनी खाटेवरून हात पुढे केले आणि विचारले, "बाद में आई सो कौन सी?" आम्ही धाकटीला त्यांच्या मांडीवर ठेवले. जिथे कधी सूप मावले नव्हते तिथे ती बराच वेळ झोपून राहिली.